लेक ज्यू मुलांच्या शिबिराला चालली आहे, मलिद्याबद्दल विचारायचं होतं

चरईची_आई
नमस्कार. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. लेक अकरावीत आहे. नाताळच्या सुट्टीत युरोपात ज्यू मुलामुलींचं निवासी शिबिर आहे, तिथे चालली आहे. अर्जेंटिना, हंगेरी, अमेरिका, इस्रायल, सगळीकडची मुलं येणार. एका संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी करून दाखवायचं. हिला मलिदा, म्हणजे आपलं गोड पोहे आणि फळांचं ताट, करायचाय. पोहे इथून देऊ का? तिथलं स्वयंपाकघर कोशर आहे, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं.
दुसरं म्हणजे, ओळखीच्या ऑनलाइन बैठकीत एका मुलाने तिला विचारलं, "तुम्ही धर्म बदलून ज्यू झालात का?" तेव्हापासून जरा गप्प आहे. तिला काय सांगू?

खारघरची_मावशी
ताई, आधी पोह्यांचं. घरचे सुटे पोहे अजिबात देऊ नका. कोशर स्वयंपाकघरात बाहेरचं उघडं अन्न आणि भांडी सहसा घेत नाहीत. आयोजकांना आजच मेल टाका, कुठल्या कोशर शिक्क्याचं बंद पाकीट चालेल ते विचारा. अख्ख्या फळांना शिक्का लागत नाही, ती तिथेच घेऊ दे.
पोहे नाहीच जमले तर फळांचं ताट मांडू दे. सफरचंदावर झाडाच्या फळाची बराखा (खाण्याआधीची प्रार्थना) आणि केळ्यावर जमिनीच्या पिकाची, हे तिने सांगितलं की मुलं आपोआप बोलायला लागतील, कारण बराखा त्यांच्याही त्याच आहेत. मग "एलियाहू हन्नाबी" हे एलिया संदेष्ट्याचं गाणं म्हणू दे. शब्बाथ (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) संपताना ते जगभर म्हणतात, आपण मलिद्यालाही म्हणतो.
माझा मुलगा अशाच शिबिराला गेला होता. शुक्रवारी "लेखा दोदी" हे शब्बाथच्या स्वागताचं गाणं सुरू झालं तेव्हा त्याला ठाण्याची चाल म्हणायला लावली. सगळे टेबलावर ठेका धरून. शब्बाथला रेकॉर्डिंग करता येत नाही, म्हणून एक मुलगी शनिवारी रात्र झाल्यावर फोन घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली, पुन्हा म्हण म्हणाली. स्लाइड शोने हे झालं नसतं. तुमच्या लेकीला चाल येत असेल तर आत्तापासून रोज म्हणून घ्या, मोठ्या आवाजात.

टेंभीनाक्याचे_काका
त्या प्रश्नाला तिने रागावू नये आणि गप्पही बसू नये. तिने आपली हकिकत सांगावी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, अशी आपली परंपरा. कोकणात तेलाच्या घाण्यावर राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. आणि मासळीची गोष्ट जरूर सांगायला सांगा: बाहेरून आलेल्या एका ज्यू माणसाने पारखायला बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, त्यांनी पर आणि खवले असलेली, म्हणजे कोशर, तेवढी वेगळी काढली. सुरमई, पापलेट खाणाऱ्या मुलीला हे घरचंच आहे.
आपलं सिनेगॉग, शआर हाशामाईम, 1879 चं. त्याच्या पायरीवर उभी असतानाचा तिचा एक फोटो बरोबर असू दे.
कुणी फारच ताणलं तर एवढंच: 1960 च्या दशकात इस्रायलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नांबाबत हाच संशय घेतला गेला, लोकांनी आंदोलन केलं, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव केला. हे तिला तारखेसकट पाठ असावं. सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःचं ज्यूपण सिद्ध करत बसायचं नसतं, पण माहिती हाताशी असली की आवाज चढत नाही.

चरईची_आई
काका, मावशी, खूप आभार. मेल टाकला. लेकीने मासळीची गोष्ट दोनदा ऐकली आणि आजीला फोन लावून आणखी विचारत बसलीय. शुक्रवारी ती फोन उचलेल ना?

खारघरची_मावशी
नाही उचलणार. शब्बाथला फोन वापरत नाहीत, शुक्रवारी तिथल्या सूर्यास्ताच्या आधीच तिच्याशी बोलून घ्या. नंतर थेट शनिवारी रात्री, आणि हिवाळ्यात युरोपात लवकर अंधारलं तरी तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतील. घरात आजीलाही आधीच सांगून ठेवा.