चढणीला जीव न सोडणारी स्कूटर सुचवा, लवकर हवी आहे

बंदरावरची
पहिली स्कूटर बदलायची आहे. सेकंडहँड घेतलेली, तेव्हा तेवढीच परवडत होती. आता चढणीला पार जीव सोडते. पूर्ण मूठ पिळली तरी इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. मागून एसटी हॉर्न देत असते आणि मी कडेच्या चरात जायच्या बेतात. जास्त पॉवरची स्कूटर पाहिजे. मोटारसायकल नको, गियर नको. नारळी पौर्णिमेच्या आत गाडी दारात हवी. कुठली घेऊ ते सरळ सांगा.

जांभाचिरा
कुठली गाडी आहे, किती सीसी, कुठल्या साली घेतलेली, चढण कुठली, बजेट किती? यातलं काहीच लिहिलेलं नाहीत. मग सरळ कसं सांगणार?

बंदरावरची
११० सीसी, २०१६चं मॉडेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यावरून भांडणं लागतील. हर्णै ते दापोली, आसूदवरून, रोज. बजेट सव्वा लाख, ऑन रोड. आता सांगा.

निवळी_घाट
यामाहा एरॉक्स १५५. दुसरं काही बघूच नका. १५ पीएस (अश्वशक्ती म्हणा), पाण्याने थंड होणारं लिक्विड कूल्ड इंजिन, १४ इंची चाकं. मी रत्नागिरीहून निवळीमार्गे ये-जा करतो, घाटात मागे डबल सीट असली तरी गाडीला कळत नाही. पावसात खड्ड्यातून मोठी चाकं जशी निघतात तशी १० आणि १२ इंची निघत नाहीत. एकदा चालवून बघा, ११० आणि १२५ सीसीकडे परत वळणार नाही.

जांभाचिरा
एरॉक्स सव्वा लाखात? ऑन रोड दीड लाखाच्या पुढे जाते ती.

निवळी_घाट
थोडं कर्ज काढायचं. गाडी रोज घेतो का आपण?

मालवणी_माणूस
अगो बाय, तुका वजन किती न्हेवचा आसा ता पयला सांग. एकटीच जातंस की कोण मागे बसता? हय सगळे पॉवर पॉवर करतत, वजनाचा कोणच इचारणा नाय.

बंदरावरची
माशाचे दोन क्रेट, बर्फासकट. एक पायाशी, एक मागे कॅरिअरवर. 'बंदरावरची' हे नाव वाचून कळलं नाही का? लिलावात माल घ्यायचा आणि दापोलीत हॉटेलं आणि घरगुती गिऱ्हाइकांना पोचवायचा. दोन्ही मिळून ७० किलोच्या आसपास भरतं, सुरमई असली की जास्तच. उतरताना रिकामे क्रेट आणि वाण्याचा माल, कधी मागे बहीण.

मालवणी_माणूस
मगे एरॉक्स खलास. तिका पायाशी सपाट जागाच नाय, मधे उंच पाट आसा. क्रेट खय ठेवशीत?

निवळी_घाट
दोन्ही क्रेट मागे बांधा. फॅब्रिकेशनवाल्याकडून मजबूत कॅरिअर बनवून घेता येतं.

एसटी_कार्यशाळा
असलं काही करू नका, ताई. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की चढणीला पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात राहत नाही. जांभ्याच्या बारीक खडीवर वळताना तर नाहीच राहत. जड क्रेट पायाशीच बरा, फक्त हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं ना ते बघा.

आता मुद्द्याचं. माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्येच झाली. इंजिन ओरडतं आणि गाडी जात नाही, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंयत. ते पॉवर कमी असल्याचं लक्षण नाही. बेल्ट, रोलर नाही तर क्लच गेलाय. स्कूटरला गियर नसतात, रबरी बेल्ट दोन पुल्यांमधून फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की रोलर बाहेर सरकतात, पुली दाबली जाते आणि बेल्ट वर चढतो. रोलर झिजून एका बाजूने चपटे झाले की ते अडकत अडकत सरकतात. बेल्ट घासून अरुंद झाला की पकड जाते. क्लचचे शू गुळगुळीत झाले की वजन आल्यावर घसरतात, किक कव्हरजवळ जळका वास येतो. उघडून बघा. नव्या गाडीच्या मानाने खर्च किरकोळ आहे.

जांभाचिरा
काकांचं पटतं. मी जरा हिशेब मांडला. गाडी, चालवणारी व्यक्ती आणि माल मिळून २४० किलो धरू. दहाला एक अशी चढण आणि ताशी ३० किमी वेग धरला तर नुसतं वर उचलायला साधारण २ किलोवॅट लागतात. त्यात टायरचा आणि वाऱ्याचा विरोध मिळवा, बेल्टमध्ये वाया जाणारी ताकद मिळवा, हिशेब साडेचार-पाच पीएसच्या घरात जातो. धडधाकट ११० सीसी साडेसात-आठ पीएस देते. म्हणजे तुमच्या गाडीने ३०ने चढायला हवं. चढत नसेल तर बिघाड आहे.

बंदरावरची
गॅरेजला दाखवून झालंय. गॅरेजवाल्याने बेल्ट बदलला, चार दिवस बरी चालली, परत तेच. आणि मला ३०ने चढायचंच नाहीये. बर्फ वितळतो, गिऱ्हाईक थांबत नाही. पुढे खेडलाही माल द्यायचा विचार आहे. गाडी विकायचं नक्की आहे, दुरुस्तीबद्दल विचारलेलं नाही.

एसटी_कार्यशाळा
नुसता बेल्ट बदलून रोलर जुनेच ठेवले असणार. असो, तुमची इच्छा. पण विकायच्या आधी रोलर आणि क्लच शू बघून घ्या, बंद पडायला आलेल्या गाडीला भाव येत नाही. आणि नव्या गाडीलाही हेच लागू आहे. रोज वजन आणि रोज चढण, तेव्हा सर्व्हिसिंगच्या वेळी दरवेळी बेल्टचं कव्हर उघडायला लावा. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर विसंबू नका.

विजेवर_स्वार
सगळे पेट्रोलमध्येच अडकलेत. रोजचा ठरलेला रस्ता आहे, इलेक्ट्रिक घ्या. सरकणाऱ्या पुल्या नाहीत, रोलर नाहीत, क्लच नाही. एथर ४५०एक्सचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २६ न्यूटन मीटर आहे आणि तो शून्यापासून मिळतो. चढणीवर थांबून परत निघताना हाच फरक जाणवतो. हर्णै समुद्राच्या पातळीला आणि दापोली सुमारे आठशे फुटांवर, म्हणजे उतरताना मोटरच वीज बनवते (त्याला रिजन म्हणतात), थोडी बॅटरी परत भरते आणि ब्रेकवरचा भारही कमी होतो.

मंडणगडकर_०८
२०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? आमच्याकडे आणि दापोलीकडे कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. खांब आडवे, माडपोफळी तारांवर. मोबाईल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांगा. पोटापाण्याची गाडी विजेवर ठेवायची?

विजेवर_स्वार
वीज गेली की पेट्रोल पंपाची मोटरही बंद पडते. वादळ रोज येत नाही, पेट्रोलचा खर्च रोज असतो.

मंडणगडकर_०८
वादळ राहू दे बाजूला. पावसाळ्यात सुपारीची एक झावळी पडली तरी रात्रभर लाईट नसते. पहाटे गाडी अर्धी चार्ज. मग मासळी काय करायची, सुकवायची? बरं, तुम्ही राहता कुठे?

विजेवर_स्वार
पनवेल.

मंडणगडकर_०८
झालं मग.

केळशी_फाटा
थोडं विषयाबाहेर, पण रेवस-रेडी सागरी मार्ग पुरा झाला की हे सगळे प्रश्न बदलतील. खाड्यांवर पूल झाले तर फेरीबोटीत गाडी चढवायची कटकट जाईल. हल्ली दाभोळ-धोपावे फेरीवर सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची एवढी रांग असते की स्थानिक माणूस ताटकळतो.

जांभाचिरा
हर्णै ते दापोली वाटेत खाडी नाही हो.

कागदपत्र_सांभाळा
जुनी गाडी विकताना मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० दोन्ही भरा. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून बोजा उतरवून घ्या. २०१६ची गाडी आहे, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवलेली हवी. आरसीवरचं नाव बदललं नाही आणि पुढच्याने अपघात केला तर नोटीस तुमच्या दारात येते. कोणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

बंदरावरची
ते बघेन. गाडी कुठली?

निवळी_घाट
पायाशी सपाट पाट हवाच असेल तर टीव्हीएसची एनटॉर्क १५० बघा. १३.२ पीएस, पायाशी जागा आहे. १२५च्या वरची गाडी म्हणजे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं आणि सीसी १५०च्या आत असल्याने विमाही स्वस्त. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा ३,८५१ रुपये, आणि १५०च्या वर गेलं की ७,३६५.

जांभाचिरा
ही पण सव्वा लाखात बसत नाही. बजेट वाचलंत का?

मला वाटतं १२५ पुरे. ज्युपिटर १२५, सुझुकी अ‍ॅक्सेस १२५ आणि एनटॉर्क १२५, तिन्ही सव्वा लाखाच्या आत येतात. पीएस बघू नका, टॉर्क किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो ते बघा. ज्युपिटरला साडेदहा न्यूटन मीटर ४,५०० आरपीएमलाच मिळतात. वजन घेऊन चढताना ते कामाचं. पेट्रोलचं झाकणही पुढे आहे, सीटवरून काही हलवावं लागत नाही. तुमच्या मागे क्रेट बांधलेला असतो, सीट उघडायची म्हणजे सगळं सोडायचं.

बंदरावरची
हे बरं सांगितलंत. आत्ता पंपावर क्रेट उतरवून सीट उघडते, पाठीमागची रांग ओरडते.

एसटी_कार्यशाळा
ब्रेकचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. पुढे डिस्क असलेलंच मॉडेल घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. स्कूटरची मूठ पूर्ण सोडून हळू उतरलं की एका वेगाखाली क्लच सुटतो आणि इंजिन गाडीला धरत नाही. मग सगळा भार ब्रेकवर. आसूदचा उतार मागे बहीण आणि पायाशी तांदळाची गोण घेऊन उतरताना मागचा ड्रम तापतो, लिव्हर दाबली तरी पकड येत नाही. ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा.

आणि माशाचं पाणी. क्रेटखालून ठिबकलेलं खारं पाणी मॅटखालच्या स्क्रूच्या भोकांतून आत जातं. जुन्या गाडीचं मॅट उचला. पत्र्याला फुगे आलेले दिसतील, नखाने खरवडले की तपकिरी पापुद्रा सुटतो. नव्या गाडीला पहिल्या दिवसापासून क्रेटखाली काठ असलेला प्लास्टिकचा ट्रे ठेवा आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने पाट धुवा. खालून अँटीरस्ट मारून घ्या.

बंदरावरची
काका, मॅट उचललं. एका कोपऱ्यात पत्रा आरपार गेलाय.

ज्युपिटर आणि अ‍ॅक्सेस दोन्ही चालवून बघते. खेडला शोरूम आहेत. टेस्ट राइडला क्रेट ठेवू देतील का?

एसटी_कार्यशाळा
भरलेला नाही देणार. रिकामा घेऊन जा, पायाशी ठेवा आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. पाय कुठे टेकतात तेही बघा, क्रेटच्या बाहेर लोंबकळता कामा नयेत. मग बहिणीला मागे बसवा आणि जवळ जी चढण असेल तिच्यावर मध्येच थांबून परत निघून बघा.

विजेवर_स्वार
जातच आहात तर एखादी इलेक्ट्रिकही चालवून बघा. चालवायला पैसे पडत नाहीत.

बंदरावरची
बघेन. मंगळवारी जाते, त्या दिवशी माल कमी असतो. क्रेट बरोबर घेते.