बोअरच्या भेगा उघड्या ठेवायला सच्छिद्र सिमेंट, आपल्या कातळात चालेल का?

सूसकर
गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीने जुन्या बोअरचं हायड्रोफ्रॅक्चरिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडकातल्या भेगा उघडायचं काम, करून घेतलं. बोअर २६० फूट, आधी जेमतेम एक इंच पाणी, नंतर पावणेदोन इंच लागलं आणि सगळे खूश. दिवाळीपर्यंत परत एक इंच आणि आता रोज टँकर. म्हणजे दाबाने भेगा उघडल्या, गाडी निघून गेली आणि भेगा हळूहळू मिटल्या, असं मला वाटतंय.

तेलविहिरीवाल्यांकडे हा प्रश्न फार जुना आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत कॅन्ससच्या ह्युगोटन गॅस फील्डमध्ये खडक दाबाने फोडायचा पहिला प्रयोग झाला. आता भेग फोडली की तिच्यात वाळू भरतात, दाब काढल्यावर खडक वाळूवर टेकतो आणि फट राहते. पण खोलवर वाळूचा चुरा होतो, मऊ खडकात ती रुतते, काही वाळू उत्पादनाबरोबर वर येऊन पंपाची वाट लावते. त्यावर एक उपाय वाचला तो असा की सिमेंटची स्लरीच (पातळ मिश्रण) भेग फोडणाऱ्या दाबाने आत ढकलायची, तिथेच सेट होऊ द्यायची, आणि मिश्रण असं ठेवायचं की घट्ट झाल्यावरही आरपार छिद्रं राहतील. त्यासाठी फेस करून गॅस मिसळतात, किंवा नंतर विरघळून जाणारे कण किंवा तंतू घालतात, किंवा एकसारख्या जाडीच्या वाळूला फक्त सिमेंटचा लेप देतात. भेगेत एकसंध जाळी बसते, काहीच हलत नाही.

आपल्याकडे कुणी हे का करत नाही? पुण्याच्या आसपास हजारो बोअर आटलेत, नवीन खणण्यापेक्षा हे स्वस्त पडेल असं माझं मत आहे.

पॅकर_आणि_पंप
दादा मी बारा वर्षं ह्याच कामात आहे, हायड्रोफ्रॅक्चरिंगच्याच गाडीवर, म्हणून स्पष्ट सांगतो की आपल्या कातळात हे केलंत तर आहे ते पाणीसुद्धा घालवाल.

उघड्या भेगेतून जाणारं पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. फट निम्मी झाली की पाणी आठवा हिस्सा. आता एक मिलिमीटरची मोकळी, गुळगुळीत फट धरा, तिची पारगम्यता, म्हणजे पाणी जाऊ द्यायची क्षमता, हिशोबाने साधारण ८४ हजार डार्सी (हे त्या क्षमतेचं माप) येते. तुमचं सच्छिद्र सिमेंट उत्तम जमलं आणि १०० डार्सीचं झालं असं धरलं तरी भरलेली फट मोकळीपेक्षा आठशे पटीने कमी पाणी देणार. खरी फट खडबडीत असते, हिशोबापेक्षा कमी देते, पण आठशेचा फरक त्याने भरून निघत नाही.

तेलवाले फट भरतात कारण त्यांची फट भरली नाही तर पूर्ण मिटते. तीन हजार मीटरवर वरच्या खडकाचं वजन दर चौरस सेंटीमीटरला ७५० किलोच्या घरात जातं. तुमची भेग १९० फुटांवर आहे समजू, तिथे १६-१७ किलो. काळा पाषाण एवढ्या वजनाला दाद देत नाही, शिवाय फोडताना दोन्ही बाजू किंचित सरकतात, खडबडीत तोंडं परत जुळत नाहीत, फट आपणहून अडकून राहते. म्हणून आपल्याकडे साधारणपणे नुसत्या पाण्यानेच काम करतात.

सूसकर
मग माझं पाणी कमी का झालं? फट मिटत नाही म्हणता आणि पाणी तर गेलं.

पॅकर_आणि_पंप
ते तुम्हीच शोधू शकता, खर्च नाही. मोटर रात्रभर बंद ठेवा, सकाळी दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा. गेल्या वर्षीपेक्षा स्थिर पातळीच खाली गेली असेल तर भेग शाबूत आहे, भेगेत पाणी नाही. स्थिर पातळी तीच, पण मोटर लावली की पाणी पूर्वीपेक्षा झपाट्याने खाली जातंय असं दिसलं तर भेगेत गाळ बसलाय, कंप्रेसरने फ्लशिंग करून घ्या. मी बघितलेल्या दहांतल्या सहा-सात ठिकाणी पहिलंच कारण निघालं. शेजारी दोन नवीन इमारती झाल्या का?

सूसकर
तीन झाल्या. तिघांचे बोअर आमच्यापेक्षा खोल.

तेलक्षेत्र_निवृत्त
मेहसाणा आणि राजस्थान मिळून २७ वर्षं काढली, आता कोथरूडमध्ये असतो. पॅकरवाल्या भाऊंचा हिशोब बरोबर आहे पण 'आपला कातळ फट मिटू देत नाही' हे सरसकट मान्य नाही. बाडमेरचं रागेश्वरी डीप गॅस फील्ड ज्वालामुखीच्या खडकात आहे, त्यात बेसॉल्टही (आपला काळा पाषाण) आहे, आणि तिथे साधारण तीन किलोमीटर खोल फ्रॅक्चरिंग करताना प्रॉपंट (फट उघडी ठेवणारी वाळू किंवा तसे कण) भरावाच लागतो. म्हणजे खडक कोणता यापेक्षा खोली किती, आतला दाब किती कमी होणार, हे महत्त्वाचं. उत्पादन सुरू झालं की आतला दाब उतरतो आणि सगळं वजन फटीवर येतं. साधी वाळू साधारण ६००० पीएसआयच्या (दर चौरस सेंटीमीटरला ४२० किलोच्या) आसपास चुरा व्हायला लागते, त्यापुढे सिरॅमिक किंवा भाजलेलं बॉक्साइट लागतं.

सच्छिद्र सिमेंटबद्दल मला मनापासून आस्था आहे कारण वाळू परत येण्याचा त्रास मी रात्री-अपरात्री भोगलाय. पण त्याची खरी अडचण अशी की छिद्रं वाढवली की ताकद घटते, ताकद वाढवली की छिद्रं बंद होतात. आणि सच्छिद्र म्हणजे पाणी जाऊ देणारं असं नव्हे, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. वाघोलीच्या खाणींतले झिओलाइट (खनिजांचे स्फटिक) जगभरच्या संग्रहालयांत आहेत, ते आले कुठून? बेसॉल्टमधल्या पोकळ्यांतून. त्या खडकात पोकळ्या खंडीभर, पण एकमेकींना जोडलेल्या नाहीत आणि शिवाय भरून गेलेल्या, त्यामुळे पाणी पुढे सरकतच नाही. सिमेंटमध्ये फेसाचे बुडबुडे सुटे राहिले तर हेच होणार.

सूसकर, १९० फुटांवर आधार द्यायचाच झाला तर साधी चाळलेली, धुतलेली वाळू पुरेल. सिमेंटची गरजच नाही.

भोर_पाणी_समिती
मी गावाच्या पाणीपुरवठ्याचं काम बघते. मला वाचून आधी आश्चर्य वाटलं, कारण आमच्याकडे सिमेंट भेगेत घालतात ते भेग बंद करायला! भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या अपारंपरिक उपायांत जलभंजनाबरोबर (म्हणजे हायड्रोफ्रॅक्चरिंगच) फ्रॅक्चर सील सिमेंटेशन आहे. उताराच्या बाजूने पाणी जमिनीखालून निसटत असेल तर तिकडच्या भेगांत सिमेंट भरून ते अडवायचं, म्हणजे वरच्या अंगाच्या हातपंपाला पाणी टिकतं. आता तुमचं मिश्रण चुकलं आणि छिद्रं बुजली तर तुम्ही नकळत हेच करून बसाल, स्वतःच्या बोअरला आणि शेजारच्याच्याही. भेग काही सोसायटीच्या कंपाउंडपाशी थांबत नाही.

दुसरं, हे पिण्याचं पाणी आहे. ताज्या सिमेंटमधलं पाणी १२ पीएचच्या वर असतं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ६.५ ते ८.५. सच्छिद्र केलं म्हणजे पाण्याचा स्पर्श उलट वाढला. किती दिवस उपसून टाकणार? तेलाला हा प्रश्न नाही, आमच्या पोरांना आहे.

गेरूतला_शेतकरी
सगळे काळ्या पाषाणाबद्दल बोलताय. माझं रान सासवडच्या पुढे, १४० फुटांवर लाल गेरूचा (कातळाच्या दोन थरांमधल्या मऊ लाल मातीचा) पट्टा आणि पाणी नेमकं त्याच्याच वरून आणि खालून येतं. गेरू म्हणजे भिजला की फुगतो, ढासळतो, बोअर बुजतो. दोनदा साफ केला, दोनदा बुजला. केसिंग (बोअरच्या आतला पाइप) पूर्ण घालावं तर गाडीवाला म्हणतो पाणीही बंद होईल. अशा ठिकाणी मोकळी फट हजारो डार्सी देईल हा हिशोब कागदावर, कारण फट मोकळी राहतच नाही. तिथे शंभर डार्सीची पण टिकणारी वाट मला चालेल. ताईंचं पिण्याच्या पाण्याचं म्हणणं पटतं, माझं पाणी डाळिंबाला जातं.

पॅकर_आणि_पंप
दादा तुमच्या केसमध्ये मी अडून बसत नाही. गेरूला आधार पाहिजेच. पण आधी त्या पट्ट्यापुरतं जाळीचं केसिंग आणि बाहेरून बारीक खडी असं करून बघा, ते काढता येतं. सिमेंट एकदा गेलं की गेलं.

गेरूतला_शेतकरी
साडेसहा इंची बोअरमध्ये जाळीचं केसिंग घातल्यावर बाहेर खडीला जागा किती उरते तुम्हीच सांगा. अर्ध्या इंचाच्या फटीत १४० फूट खाली खडी सारखी बसत नाही, मध्येच अडकते. तिथेच तर ओतता येणारं आणि जागेवर घट्ट होणारं काहीतरी लागतं.

तेलक्षेत्र_निवृत्त
हा मुद्दा बिनतोड आहे. मात्र स्लरी गेरूत रुतणार, चिकणमाती तिच्या छिद्रांत शिरणार. आधी वर ड्रममध्ये करून बघा, तुमचाच गेरू, तुमचंच पाणी, महिनाभर पाणी सोडून मोजा. फुकट जाणारा बोअर असेल तरच खाली उतरवा.

सूसकर
सगळ्यांचे आभार. आज सकाळी दोरी सोडली. गेल्या वर्षी कामाच्या आधी कंत्राटदाराने स्थिर पातळी ७० फूट लिहून दिली होती, आज ११८ आहे. म्हणजे भेगेला दोष देण्यात अर्थ नव्हता. रविवारी शेजारच्या तिन्ही सोसायट्यांच्या लोकांना बोलावतोय, गच्चीचं पाणी चारही बोअरभोवती कसं मुरवायचं ते ठरवायला. सासवडच्या दादा, ड्रमचा प्रयोग करणार असाल तर कळवा, वाळू आणि चाळण्या घेऊन मी येतो.

गेरूतला_शेतकरी
गेरू काढून ठेवतो. पुढच्या शनिवारी या.