दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी बाबांचं रक्त जातंय कुठून?

बाबा ६१ वर्षांचे. हिपॅटायटिस बी जुना आहे, त्यातून सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं). तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन ११.२ वरून ७.४ वर आलं. संडास डांबरासारखी काळी, चिकट. वरून, खालून दोन्ही दुर्बिणी झाल्या. फुगलेल्या शिरा नाहीत, अल्सर नाही. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ४ सेंमीची गाठ दिसली, पण 'रक्त जाण्याचा तिच्याशी संबंध नाही' असं सांगितलं. मला ते पटत नाहीये.

मी वहीत रोज लिहिते. उजव्या बरगडीखाली कळ येते, बाबा दोन-तीन तास गुडघे पोटाशी घेऊन पडतात, डोळे पिवळे दिसतात. दुसऱ्या दिवशी काळी संडास होते आणि कळ गेलेली असते. चार वेळा अगदी याच क्रमाने. कुणी असं पाहिलंय का?

प्रतिसाद १
लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? त्यानेही काळी होते.

प्रश्नकर्ती
नाहीत. आणि गोळ्यांनी हिमोग्लोबिन उतरणार नाही ना.

प्रतिसाद २ (पोटविकारतज्ज्ञ)
ताई, ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. हे हिमोबिलिया, म्हणजे पित्तनलिकेत रक्तस्राव, असू शकतं. गाठ पित्तनलिकेत शिरली की रक्त पित्तासोबत उतरतं. गुठळी अडकली की कळ आणि कावीळ, ती सुटली की दोन्ही ओसरतात. जर्मन डॉक्टर क्विन्के यांनी १८७१ मध्ये कळ, कावीळ आणि पोटातला रक्तस्राव हे त्रिकूट सांगितलं, पण तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. नेहमीची दुर्बीण समोर बघते, पित्तनलिकेचं तोंड मात्र ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) आडबाजूला उघडतं, आणि त्या वेळी रक्त थांबलेलं असेल तर तिथे काहीच दिसत नाही. ट्रायफेजिक सीटी (औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन) आणि बाजूने बघणारी दुर्बीण, दोन्हींबद्दल विचारा. गाठीचा सुई टाकून तुकडा काढायची घाई नको. सिरॉसिसमध्ये गाठ कॅन्सरची आहे हे ठरवायला सीटीवरचं ठराविक चित्र बहुतेकदा पुरतं, आणि सुईने रक्तस्राव होऊ शकतो.

अचानक सगळं पोट दुखून फुगलं, घाम फुटला, चक्कर आली, तर गाठ पोटात फुटलेली असू शकते. अशा वेळी थेट इमर्जन्सीत न्या.

प्रश्नकर्ती (नऊ दिवसांनी)
सीटीत गाठ उजव्या पित्तनलिकेत शिरलेली दिसली. बाजूने बघणाऱ्या दुर्बिणीतून पित्तनलिकेच्या तोंडाशी रक्ताची बारीक धार मी स्क्रीनवर स्वतः पाहिली. गाठीला रक्त पुरवणारी धमनी एम्बोलायझेशनने (बारीक नळीतून आत जाऊन) बंद केली, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. हिमोग्लोबिन ८.९. कॅन्सरचं पुढचं सोमवारी ठरेल, त्याची फार भीती वाटतेय. डॉक्टर, तुमचे खूप खूप आभार. वहीत कालची नोंद: कळ नाही, संडास पिवळी.