डायरी लिहिणाऱ्यांनो, या इकडे. किती वर्षं झाली?

रंगकामासाठी माळा रिकामा केला तर ट्रंकेत माझ्या सगळ्या डायऱ्या निघाल्या, १९९१पासूनच्या. रंगारी बाहेर भिंती घासतोय आणि मी आत फरशीवर बसून वाचतेय. १९९३ची उघडली, ३० सप्टेंबर, आम्ही तेव्हा सोलापुरात. "गुरुवार. पहाटे चारच्या सुमारास मांडणीवरची भांडी खणखणली. बाबा म्हणाले, अंगणात चला. आईने निघताना दूध झाकलं." बास. किल्लारीचं खाली वेगळ्या शाईत आहे, ते नंतर कळलं तेव्हाचं. भूकंप आठवत होता हो, पण आईने दूध झाकलं हे साफ विसरले होते. आई जाऊन नऊ वर्षं झाली, कालपासून दुसरं काही सुचत नाहीये. त्या वयात मनातलं पानंच्या पानं लिहायचे ती आता परकी वाटतात, आणि या दुधाच्या, पाहुण्यांच्या ओळी जिवंत. तुमच्याकडे काय आहे? लिहा ना.

ठाणेकर
पोटात कालवाकालव झाली गं. आमच्या आईची डायरी म्हणजे कालनिर्णय. चौकटीत दूध, गॅस, कामवालीचे खाडे. २००५चं अजून ठेवलंय. २६ जुलैच्या चौकटीत "हे आले नाहीत." २७ला "आले. १०.४०. चालत." सांताक्रूझला ९४४ मिमी पडला वगैरे सगळ्यांना पाठ आहे, पण बाबा आल्यावर तिने आधी घड्याळ बघितलं हे फक्त त्या चौकटीत आहे.

कृष्णाकाठ
२०१९च्या पुरात खालच्या कपाटातल्या अकरा डायऱ्या भिजल्या. पानापानात वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवल्या, आठ दिवस घरभर वास. शाईपेनाने लिहिलेलं सगळं निळं पाणी झालं, बॉलपेनचं बरंचसं वाचता येतं, आणि पेन्सिलीने लिहिलेला हिशेब जसाच्या तसा! लग्नाचं वर्ष शाईपेनाचं होतं. जाऊ दे. खालच्या कप्प्यात ठेवू नका एवढंच सांगतो.

ठाणेकर
दादा, वाईट वाटलं खरंच. वहिनींना विचारून परत लिहून काढा की ते वर्ष.

कृष्णाकाठ
चाळीस पानं झालीत. ती सांगते, मी लिहितो. साड्यांचे रंगसुद्धा आठवतात तिला.

नाशिकची सून
माझी सासूबाईंनी वाचली होती, लग्नानंतर दोन महिन्यांतच. भांडण नाही झालं पण हातच थांबला, सहा वर्षं कोरी. मग आजोबांकडून मोडी शिकले, फक्त यासाठी. लेखणी न उचलता सरसर जातं ते, इतकं मोकळं वाटायचं. आता लेक म्हणते, आई वाचून दाखव, आणि सगळं नाही वाचून दाखवता येत. काही पानांवरून पुढे जाते, तिला कळतं ते, पण विचारत नाही. गुणी आहे पोर.

पुणे ३०
रोजचं एक पान असलेली जाड डायरी कुठे मिळते हल्ली? आधी एलआयसीची यायची घरी. अप्पा बळवंत चौकात बघू का?

न्यूजर्सी
मिळाली तर दोन घ्या, डिसेंबरात येतेय. २००२पासून रोज चार ओळी, मराठीतच. ऑफिस, मुलं, सगळा दिवस इंग्रजीत जातो, रात्री त्या चार ओळी लिहिताना आईशी बोलल्यासारखं होतं. बर्फ पडला तरी "हिमवर्षाव" नाही लिहीत, "बर्फ पडतंय गं" असंच.

डोंबिवली
रंगाऱ्याने रेट काय लावला ताई? आमच्याकडे पण काढायचंय दिवाळीआधी.

ठाणेकर
ए, २१ सप्टेंबर १९९५ काढ ना, गणपती दूध प्यायले तो दिवस! काय लिहिलंयस?

सोलापूरची (धागा माझाच)
डोंबिवली, व्यनि करते. ठाणेकर, थांब, १९९५ची ट्रंकेत सगळ्यात खाली होती... सापडली. "देवळाबाहेर रांग कोपऱ्यापर्यंत. गावात दूध मिळेना. आईने कोरा चहा केला, आलं जास्त घातलं. छान लागला."