दादाला बेडसोर झालाय, मीही खचलेय. मदत हवी आहे

नमस्कार. अपघातानंतर माझा मोठा भाऊ २६ दिवस पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आहे. कमरेखाली हालचाल नाही. एकाच जागी पडून बेडसोर, म्हणजे दाबामुळे होणारी जखम, होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, पण रात्री कुणी फिरकत नाही. परवा चादर सरकवली तर माकडहाडाशी रुपयाएवढी काळी जखम. सिस्टर म्हणाल्या, "होतंच असं." दादा माझ्याकडे बघून हसला. ते हसू डोळ्यांसमोरून जात नाही.

केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात, हे माहीत आहे. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय, द्यायची हिंमत होत नाही. त्यांनी दादावर राग काढला तर? तुमच्यापैकी कुणी असा अर्ज दिलाय का? पुढे काय झालं?

दुसरं माझं. दोन वर्षं डिप्रेशनची गोळी चालू आहे, या धावपळीत आठवडाभर चुकली. सकाळी अंथरुणातून उठवत नाही. काल रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला, तेव्हा जरा मोकळं वाटलं. उद्या माझ्या डॉक्टरांकडे जातेय. घरातलं माणूस असं पडून असताना तुम्ही स्वतःला कसं सांभाळलंत? आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. सांगू का?