शॉक्स बदलायला झाले म्हणून लगेच कॉइलओव्हर कशाला?

रबरबुश (धागाकर्ता)

वेगवान गाडीचे शॉक्स गेले की मालक दोन दिवस हळहळतो आणि तिसऱ्या दिवशी कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच) शोधायला लागतो. मला हे पटत नाही. गाडी मुख्यतः रस्त्यावर चालणार असेल आणि स्प्रिंग मूळचीच राहणार असेल, तर त्या स्प्रिंगला जुळणारे, मूळ लांबीचे, कसलंही बटण नसलेले चांगले शॉक्स घ्यावेत. विषय संपला. तो तसा संपत नाही हे माहीत आहे, म्हणून धागा काढला.

गाडीचं वजन शॉक पेलत नाही, स्प्रिंग पेलते. दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा तेल बारीक झडपांतून ढकलून उष्णतेत घालवणं एवढंच शॉकचं काम. ती किती घालवायची हे स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरचं वजन ठरवतात. आरामदायी गाडीत डॅम्पिंग रेशो (हेलकावे किती लवकर शमतात याचं माप) साधारण ०.२ ते ०.३ असतो, स्पोर्ट्स गाडीत ०.४ च्या आसपास, शर्यतीच्या गाडीत त्याहून बराच वर. मूळ स्प्रिंगवर भलताच कडक शॉक बसवला की चाक खड्ड्यात उतरायच्या आधीच पुढचा उंचवटा येतो आणि टायर हवेत राहतो. लोक त्याला 'काय स्टिफ झालीये!' म्हणतात. पकड कमी झालेली असते, एवढंच.

माझी पसंती बिलस्टाईन बी६ प्रकारच्या शॉकला. मूळ लांबी, मोनोट्यूब (एकाच नळीचा), मूळ स्प्रिंगसाठीच पण मूळ शॉकपेक्षा जरा घट्ट. कमी उंचीच्या स्प्रिंग घालणाऱ्यांसाठी त्याच घराण्यात आखूड बांध्याचा बी८ आहे. या दोघांत गल्लत करू नका.

---

चौथा गिअर

साफ असहमत.

मूळ स्प्रिंग ही काही आकाशातून पडलेली नाही. तीच गाडी शनिवारी वळणावळणाच्या रस्त्यावर पळवणाऱ्याला आणि रोज सिग्नलला उभं राहणाऱ्याला, दोघांनाही विकायची असते. त्या तडजोडीतून आलेली स्प्रिंग आणि त्याच तडजोडीतून आलेला शॉक. मग शॉक बदलायची वेळ आलीच आहे, सगळं खोललंच आहे, तर स्प्रिंगसकट बदला आणि उंची, रिबाउंड (शॉक लांबतानाचा विरोध), जमलं तर कम्प्रेशनही (दबतानाचा विरोध) आपल्या हातात घ्या. टायर बदलले, चाकं हलकी केली, पुढच्या वर्षी ट्रॅकवर जावंसं वाटलं, तर प्रत्येक वेळी नवे शॉक्स घेणार का?

आणि कॉइलओव्हर म्हणजे गाडी जमिनीला टेकवणं, हा समज कोणी पसरवला? मूळ उंचीपेक्षा जेमतेम १० मिमी खाली ठेवूनही ते वापरता येतात. लोक खाली आणतात तो लोकांचा दोष.

---

तेलकट हात

तुमचं तात्त्विक चालू द्या. कोणतेही शॉक्स घ्या, पण टॉप माउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला धरणारा भाग), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (चाक फार वर आलं की टेकतो तो ठोकळा) आणि डस्ट कव्हर नवीनच घाला. जुन्या फाटलेल्या बंप स्टॉपवर महागडे शॉक्स बसवून नंतर 'नवीन शॉकअपमध्येच आवाज आहे' म्हणत येणारे फार बघितले.

दांडीवरचं नट इम्पॅक्ट गनने मारू नका. दांडी आत गरागरा फिरते आणि सील पहिल्याच दिवशी दुखावतं. खालच्या आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असल्याच्या उंचीला आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, बुश लवकर फाटतो. शॉक्स नेहमी एका अ‍ॅक्सलचे दोन्ही. शेवटी अलाइनमेंट. संपलं.

---

रबरबुश

@तेलकट हात, प्रत्येक वाक्याला +१.

@चौथा गिअर, 'हातात घ्या' हेच तर मला खुपतं. हातात घेऊन करणार काय? बऱ्याच स्वस्त कॉइलओव्हरवर एकच बटण असतं आणि ते रिबाउंड नि कम्प्रेशन दोन्ही एकदम हलवतं. ३२ क्लिक लिहिलेल्या असतात. डायनोवर (शॉकचं बळ मोजणाऱ्या यंत्रावर) लावलं तर त्यातल्या पहिल्या काही क्लिकमध्येच सगळा बदल होऊन जातो, पुढे नुसता टिकटिक आवाज. डावा आणि उजवा शॉक एकाच क्लिकवर सारखं बळ देतो की नाही, हे सुद्धा कोणी तपासत नाही. अशा शॉकवर स्वतःचं सेटिंग शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून नाकावर पुढे-मागे सरकवत बसणं.

मूळ शॉकमागे निदान चाचणी मार्गावर गाडी घेऊन बसलेली माणसं होती. त्यांनी पिस्टनवरच्या पातळ चकत्या एकेक करून बदलल्या होत्या. पार्किंगमध्ये बटण फिरवून आपण त्यांच्या पुढे जाऊ, हा आत्मविश्वास मला नाही.

---

चौथा गिअर

स्वस्त मालाचं उदाहरण देऊन सगळ्या वर्गाला झोडपणं सोपं आहे. कोनीचे पिवळे स्पोर्ट घ्या. त्यात फक्त रिबाउंड बदलतो, कम्प्रेशन जागचं हलत नाही. म्हणजे खड्ड्याचा दणका तेवढाच राहतो आणि वळणात गाडी किती भरभर कलंडते, किती भरभर सरळ होते ते बदलतं. ही सोय कोणी उगाच दिलेली नाही. शिवाय वापराने शॉक मऊ पडला की थोडा घट्ट करून घेता येतो. तुमच्या बी६ मध्ये हे होतं का? आणि हे शॉक्स मूळ स्प्रिंगवरही चालतात, म्हणजे तुमच्याच नियमात बसतात.

टिकटिक आवाज आहे हे कबूल, पण प्रश्न मोजमापाचा आहे. चांगला निर्माता बळ आणि वेग यांचा आलेख देतो. जो देत नाही त्याचा घेऊ नका. शॉक सरसकट कडक की मऊ, या वादाला काही अर्थ नाही. वळण, ब्रेक, वेग वाढवणं या सगळ्यात गाडीचं अंग डोलतं तेव्हा पिस्टन हळू चालतो, सेकंदाला ५ ते १० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. खड्ड्यात तो त्याच्या कितीतरी पट जोरात पळतो. मला पहिल्या भागात घट्टपणा हवाय आणि दुसऱ्यात सैलपणा. मूळ शॉकमध्ये बहुधा उलटा अनुभव येतो: अंग डोलतं आणि खड्डाही लागतो.

---

मागच्या सीटवरून

मी यातलं काही जाणत नाही. गाडी आमच्याही घरात आहे, चालवणारे दुसरे. शॉक्स बदलल्यापासून आई मागे बसायला तयार नाही. कोणता रेशो कमी करायचा तेवढं सांगा.

---

आकडेमोड

दोघांनाही थोडं थोडं.

रबरबुश, स्प्रिंग कडक केली की शॉकही त्याच प्रमाणात कडक हवा असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. रेशो तोच ठेवायचा तर लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. स्प्रिंग ३० टक्के कडक केली आणि वजन तेच राहिलं तर डॅम्पिंग सुमारे १४ टक्के वाढवलं की पुरे. म्हणून थोड्याशा कडक स्प्रिंगवर बी६ सारखा शॉक चालून जातो. अडचण कडकपणाची कमी आणि लांबीची जास्त असते.

चौथा गिअर, '१० मिमी खाली' म्हणणारे तुम्ही एकटेच. बाकीचे ३० ते ४० मिमी खाली आणतात. समजा मूळ गाडीत बंप स्टॉपला टेकायच्या आधी चाकाला वर जायला ६० मिमी जागा आहे. ३० मिमी खाली आणली की अर्धी संपली. आता वळणाच्या मधोमध बाहेरचं चाक बंप स्टॉपवर बसतं, तिथला एकूण कडकपणा एकदम वाढतो आणि गाडी अचानक पकड सोडते. चालवणारा शॉकला शिव्या देतो. त्यात पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकच चाकाला वरून धरतो अशी रचना) असेल तर आणखी एक भानगड आहे. गाडी खाली आली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर झुकतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलंडते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडवणारा जोर वाढतो. कलंडणं कमी व्हावं म्हणून खाली आणली आणि कारण आपणच वाढवून ठेवलं. मग ते दाबायला आणखी कडक स्प्रिंग. हे चक्र सुरू झालं की लवकर थांबत नाही.

मोनोट्यूबबद्दल धाग्यात कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. त्यात वायू साधारण २० ते ३० बारच्या दाबाने भरलेला असतो. त्याने तेलात फेस होत नाही आणि तापल्यावर शॉक ढिला पडत नाही, हा मोठा फायदा. पण हाच दाब दांडीला बाहेर ढकलतो. ११ मिमी जाडीची दांडी आणि २५ बार धरले तर सुमारे २४० न्यूटन. शॉक चाकाजवळ आणि जवळपास उभा असेल, स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिमीची असेल, तर गाडी तेवढ्यानेच ८ मिमीपर्यंत वर उचलली जाते. नवे शॉक्स टाकल्यावर 'गाडी उंच कशी झाली?' म्हणून घाबरू नका. ट्विन ट्यूबमध्ये दाब बराच कमी, त्यामुळे हा परिणामही किरकोळ.

---

शून्य कॅम्बर

तुमचा सगळा वाद साध्या शॉकवर चाललाय. आजच्या कित्येक वेगवान गाड्यांत शॉकला वायर असते, त्यांचं काय?

मॅग्नेटिक द्रवाचे शॉक्स २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये पहिल्यांदा आले, पुढे ते कॉर्व्हेट, ऑडी, फेरारीपर्यंत पोचले. त्यात झडपेचं छिद्र लहान-मोठं होत नाही, चुंबकीय क्षेत्राने द्रवच दाट होतो. असे शॉक्स काढून साधे घातले की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो विझवायला एक डबी लावतात. ती संगणकाला 'शॉक जागेवर आहे' असं खोटं सांगते, बाकी काही नाही. कम्फर्ट आणि स्पोर्ट ही दोन्ही बटणं मग शोभेची. माझं मत विचाराल तर अशा गाडीत वायरवालेच परत घाला, मूळ कंपनीचे किंवा त्याच नियंत्रणावर चालणारे बाहेरचे. डबी लावून कॉइलओव्हर घालणाऱ्याला मी विचारतो, मग ही गाडी घेतलीतच का?

---

चौथा गिअर

कारण तिचं इंजिन आवडतं. एवढं पुरत नाही का?

@आकडेमोड, रोल सेंटरचा मुद्दा बिनतोड आहे. तरी त्यातून निघतं ते 'खाली आणू नका' एवढंच. 'कॉइलओव्हर घेऊ नका' हे त्यातून निघत नाही. उलट स्ट्रटची बॉडी आणि स्प्रिंगची बैठक वेगवेगळ्या सरकवता येणारं कॉइलओव्हर असेल तर उंची बदलूनही शॉकचा प्रवास जवळपास तेवढाच राखता येतो. चाक बॉडीला घासणार नाही याकडे मात्र लक्ष हवं.

---

तेलकट हात

त्या सरकवायच्या आट्यांत माती आणि मीठ शिरलं की दोन पावसाळ्यांनी बैठक हलत नाही. मग पाना, हातोडा आणि माझी कंबर. ग्रीस लावा, कव्हर घाला, नाहीतर 'अ‍ॅडजस्टेबल' हा शब्द बिलावरच उरतो.

@मागच्या सीटवरून, आधी टायरमधली हवा बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या तक्रारींसाठी चालकाशी बोला.

---

रबरबुश

कोनीबद्दल चौथा गिअर यांचं म्हणणं मान्य. मूळ स्प्रिंगवर, मूळ उंचीला, फक्त रिबाउंड बदलणारा शॉक माझ्या नियमात बसतो. पहिल्या लेखात 'कसलंही बटण नसलेले' लिहिलं होतं, तिथे हा अपवाद जोडतो. चालवणारे आणि मागे बसणारे दोघेही घरचेच असतील तर त्याच कंपनीचा स्पेशल अ‍ॅक्टिव्हही बघावा. त्यात बारीक, भरभर येणाऱ्या हादऱ्यांना झडप आपोआप सैल होते आणि अंगाच्या संथ डोलण्याला घट्ट राहते. बटण नाही, वायर नाही. वर चौथा गिअर यांनी जे मागितलं, बरंचसं तेच.

कॉइलओव्हरवर मात्र हटत नाही. ज्याला ट्रॅकचे टायर घालायचेत, चारही चाकांवर येणारं वजन वेगवेगळं मोजून जुळवायचंय, त्याने जरूर घ्यावेत. ती कामं उंची बदलल्याशिवाय होतच नाहीत. बाकीच्यांनी घेण्याआधी एक करावं: विकणाऱ्याकडे स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिमीमध्ये आणि शॉकचा आलेख मागावा. पुढची स्प्रिंग अमुक, मागची तमुक आणि का, एवढं सांगता आलं तर पुढे बोलावं.

---

चौथा गिअर

यावर एकमत. मी वापरतो त्या सेटचा आलेख निर्मात्याने मागितल्यावर दिला होता, संध्याकाळी इथे चिकटवतो. आकडेमोड, कमी वेगाच्या रिबाउंडचा भाग जरा नीट बघा. मला तो मूळ स्प्रिंगलाही चालेलसा वाटतोय, आणि तसं असेल तर रबरबुश यांचा आणखी एक नियम ढिला करायचा माझा बेत आहे.

---

मागच्या सीटवरून

हवा तपासली. फार भरलेली होती. आई अजून विचार करतेय.