२०१७ चा लॅपटॉप, डीटीपीचं काम : दुरुस्त करून चालवू की नवीन घेऊ?

गावभाग_डीटीपी (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते आणि घरातूनच डीटीपी करते, म्हणजे संगणकावर मजकूर मांडून छपाईला तयार करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, हळदीच्या अडत दुकानांची बिलबुकं, कधी एखाद्याचा पदरमोड करून काढलेला कवितासंग्रह. बावीस वर्षं झाली. प्रश्न लॅपटॉपचा आहे, पण सगळं सविस्तर सांगते. कारण परवा दुकानात गेले तर माझं काम काय हे न विचारताच "ताई, हा संपला, नवीन घ्या" असं सांगून मोकळे झाले.

लॅपटॉप २०१७ च्या दसऱ्याला घेतलेला. आय५ प्रोसेसर, सातवी पिढी (७२००यू), ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, १५.६ इंची स्क्रीन, विंडोज १०. सकाळी बटण दाबून मी दूध तापत ठेवते. दूध वर येतं, गॅस बंद करते, चहा होतो, तरी माऊसचं ते गोल चक्र फिरतच असतं. घड्याळ लावून पाहिलं : सहा मिनिटं चाळीस सेकंद. कोरल (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) उघडायला पुढे दीड मिनिट. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के, तांबडीलाल. बॅटरी जेमतेम पंचवीस मिनिटं पुरते. लाइट गेली की आधी सेव्ह, मग बाकीचं.

तरीही हा लॅपटॉप टाकवत नाही. एक तर स्क्रीन. या स्क्रीनवरचा कुंकवाचा लाल कागदावर कसा उतरतो हे मला पाठ झालंय. पत्रिकेचा लाल जरा विटकरी झाला तरी मुलीकडचे लोक नाराज होतात, आणि ते बरोबरच आहे. दुसरं म्हणजे ऑगस्ट २०१९ चा पूर. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा खालच्या खोलीतला डेस्कटॉप गेला, दोन प्रिंटर गेले, कागदाची रिमं फुगून भिंतीला चिकटली. लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क एवढंच मी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरून बाहेर काढलं. २००४ पासूनच्या फाइली त्या डिस्कमुळे वाचल्या. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आधीच सगळं माळ्यावर नेऊन ठेवलं होतं.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती म्हणते, "आई, विंडोज १० बंद झालंय, नवीन घे, निम्मे पैसे मी घालते." दुकानात दोन दाखवले. एक ५८ हजारांचा, १६ जीबी रॅमचा. दुसरा ४६ हजारांचा, ८ जीबी, त्यात रॅम बोर्डालाच चिकटवलेली, पुढे वाढणार नाही. जुन्यात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसते ती वेगवान डिस्क), ८ जीबी रॅम आणि बॅटरी टाकायची तर अकरा हजार सांगितले.

काम पेजमेकर ७ (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर), जुनं कोरल आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) यांवर चालतं. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे लायसनची छोटी किल्ली, यूएसबीला लावावं लागतं.

आठ वर्षांच्या मशिनवर अकरा हजार घालणं शहाणपणाचं आहे का? की तेच पैसे नव्यात घालावेत? लग्नसराई चालू आहे, त्यामुळे मशीन दोन दिवससुद्धा बाजूला ठेवता येत नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

विश्रामबाग_रिपेअर (सांगली)

ताई, मी रिपेअरिंगचंच काम करतो, विश्रामबागला. मशीन संपलेलं नाही. अडचण फक्त डिस्क आणि रॅमची आहे.

तुमची डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असणार. मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली मागतं, आणि प्रत्येक फाइलसाठी डिस्कचा हेड सरकवून, योग्य जागा फिरून खाली येईपर्यंत थांबावं लागतं. सेकंदाला शंभरसुद्धा जागा गाठता येत नाहीत. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती तेवढ्याच वेळात हजारो जागा वाचते. त्यात तुमची रॅम ४ जीबी. निम्मी विंडोजच खातं. कोरल उघडलं की रॅम भरते, मग विंडोज उरलेला माल त्याच बिचाऱ्या डिस्कवर टाकतं आणि परत उचलतं. ती १०० टक्क्याची तांबडी पट्टी त्याचीच.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. तिथं स्लॉट किती वापरात आहेत ते दिसतं. दोनातला एक असेल तर ८ जीबीची डीडीआर४ पट्टी सरळ बसवता येईल, जुनी काढायची गरज नाही. रॅमचे भाव मात्र सध्या लई चढलेत. एआयच्या सर्व्हरांसाठी माल तिकडं चाललाय. त्यामुळं नव्या लॅपटॉपच्या किमतीत पण रॅमचाच मोठा वाटा असणार, हे ध्यानात घ्या.

मुलगी सांगते ते विंडोजचं खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तुमची सातवी. एका पिढीनं चुकलं. पळवाटा आहेत, पण ज्यावर पोट आहे त्या मशीनवर मी त्या करत नाही. वाढीव सुरक्षा अपडेट मात्र १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नोंदणीचा पर्याय दिसेल, मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. २२एच२ आवृत्ती आहे ना ते आधी बघा.

डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवता येते. संध्याकाळी द्या, सकाळी न्या. विंडोजचं लायसन मदरबोर्डाला बांधलेलं असतं, त्यामुळं परत घ्यावं लागत नाही.

मिरज_ऑफसेट

वरच्यांनी हार्डवेअरचं बरोबर सांगितलं आहे. पण ताई, तुमचा खरा प्रश्न लॅपटॉपचा नसून फॉन्टचा आहे. मी तीन वर्षांपूर्वी यातूनच गेलो.

माझा जुना संगणक ऐन मे महिन्यात बंद पडला, म्हणून घाईत नवा लॅपटॉप आणला. यंत्र उत्तम होतं. पण माझ्या जुन्या डोंगलचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) ३२ बिटचा, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ड्रायव्हर बसेना. दोन डोंगलांपैकी एकाचं नवं सॉफ्टवेअर पैसे भरून मिळालं, दुसरं कायमचं गेलं. दरम्यान सतरा पत्रिका हातात, प्रत्येकाची तारीख ठरलेली. मी आणि माझा मुलगा चार रात्री परत टाइप करत बसलो होतो. एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव राहून गेलं. ते आजोबा त्या महिन्यातच वारले होते आणि "कै." लावून नाव घालायचं होतं. त्या घराच्या दारात उभं राहून मी माफी मागितली. म्हणून सांगतो, हंगामात यंत्र बदलू नका.

आपले जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आणि आकार जसे दिसतात त्याच क्रमाने साठवलेले असतात. "कि" लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं : जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला की "कार्य", "वर्ष", "सूर्य" हे शब्द डोळ्यांनी तपासावे लागतात. "वाऱ्या", "कऱ्हाड" इथं तर हमखास घोळ होतो. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, त्यामुळे तो मजकूर इनडिझाइनमध्ये (अॅडोबीचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर) न्यावा लागतो आणि तिथं वर्ल्ड रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्ट तुमच्याकडे असतील तर तेही वेगळे काढून ठेवा, अॅडोबीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते जानेवारी २०२३ पासून चालत नाहीत.

अजून एक. काही लायसनं हार्ड डिस्कच्या क्रमांकाला बांधलेली असतात. एसएसडीवर नक्कल उतरवली तरी ती अडतात. तुमची कोणकोणती लायसनं आहेत, आधी त्या त्या कंपनीला फोन करून विचारा. आणि जुनी डिस्क पुसू नका, तशीच कपाटात ठेवा.

गावभाग_डीटीपी (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. काका, ते आजोबांचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्याकडे आत्ता नऊ पत्रिका आहेत.

सांगितलं तसं पाहिलं. स्लॉट दोनातला एकच वापरात आहे. आवृत्ती २२एच२ आहे. वाढीव अपडेटची नोंदणी काल मुलीने फोनवर सांगत सांगत करून घेतली. श्रीलिपीला फोन केला. माझ्या डोंगलचं लायसन डोंगलमध्येच आहे, डिस्कशी संबंध नाही, असं कळलं. जीव भांड्यात पडला.

फाइली मोजल्या. आजवर हे कधी केलंच नव्हतं. अकरा पतसंस्थांचे अहवाल दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून जुलैच्या मध्यापासून दीड महिना मान वर करता येत नाही. प्रत्येक वर्षी मागच्या वर्षीची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, संचालकांची नावं बदलायची, श्रद्धांजलीचा परिच्छेद नव्याने लिहायचा. या अकरा फाइली पेजमेकरमध्ये आहेत. नव्या मशीनवर त्या उघडल्या नाहीत तर मी अकरा संस्थांना काय सांगू? लॅपटॉप ५८ हजारांचा घेऊन त्या सुटणार नाहीत, हे मला मिरजच्या काकांमुळे आत्ता कळलं. प्रेसला पीडीएफ देते तेव्हा फॉन्ट आत जातात, छपाईला अडत नाही. पण दुरुस्तीला मूळ फाइलच लागते.

कोयनाकाठ (कऱ्हाड, जि. सातारा)

ताई, मी डीटीपीवाला नाही, फोटो आणि फ्लेक्सचं काम करतो. तुमच्या त्या कुंकवाच्या लालबद्दल एवढंच सांगायचंय.

स्वस्तातल्या लॅपटॉपच्या स्क्रीनला बऱ्याचदा "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं. त्यात लाल फिका पडतो, केशरीकडे झुकतो. "१०० टक्के एसआरजीबी" असं लिहिलेली घ्या. दुकानदार प्रोसेसर आणि रॅमवर बोलतात, स्क्रीनवर कोणी बोलत नाही. मी ते न बघता घेतला आणि वर्षभर फ्लेक्सच्या दुकानात जाऊन रंग तपासत बसलो.

आणि पेनड्राइव्हवर स्वतःची एक पत्रिका घेऊन जा. दुकानातल्या लॅपटॉपवर उघडून बघा, लाल बघा, आपलं डोंगल लावून बघा. जुनी सॉफ्टवेअर नव्या बारीक स्क्रीनवर कधी कधी मुंगीएवढी दिसतात, तेही तिथंच कळेल. दाखवायला नको म्हणाले तर दुसरं दुकान.

बॅटरी खरंच गेली आहे का ते पैसे घालण्याआधी तपासा. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, दोन्ही आकडे मिळतात.

गावभाग_डीटीपी (सांगली)

काय केलं ते लिहिते. माझ्यासारखी आणखी कोणी असेल तर उपयोग होईल.

शुक्रवारी संध्याकाळी विश्रामबागला लॅपटॉप दिला, शनिवारी सकाळी अकराला आणला. त्या आधी सगळ्या फाइलींची दुसरी नक्कल करून बहिणीकडे कुपवाडला ठेवून आले, तिकडे पाणी येत नाही. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळच्या पावपटच क्षमता उरलेली, म्हणून तीही बदलली. सगळे मिळून दहा हजार आठशे झाले. आता चालू होऊन कोरल उघडेपर्यंत एक मिनिटही लागत नाही. शनिवारी दूध गॅसवर ठेवून सवयीने उभी राहिले आणि मागे वळून बघते तर पासवर्ड मागत होता. कालच्या रात्रीत तीन पत्रिका हातावेगळ्या केल्या.

नवीन घेणार आहे, पण आत्ता नाही. यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून लग्नं नाहीत. तो महिना मी अकरा अहवालांच्या फाइली युनिकोडमध्ये नेण्यात घालवणार. मग जुलै ते सप्टेंबर अहवाल, गरज पडली तर जुन्या फाइली हाताशी आहेतच. विंडोजची मुदत १३ ऑक्टोबरला संपते तेव्हा सभा होऊन गेलेल्या असतील. त्यानंतर दसऱ्याला पेनड्राइव्ह आणि डोंगल घेऊन दुकानात. हा लॅपटॉप पुढे इंटरनेटला जोडायचा नाही, फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवायचा. मुलीला सांगितलं, तुझे निम्मे पैसे तोवर तुझ्याकडेच राहू देत.

मिरजच्या काकांना एक विनंती. कन्व्हर्ट केल्यावर डोळ्यांनी तपासायच्या शब्दांची तुम्ही स्वतः केलेली यादी असेल तर इथं टाका. मी कालपासून माझी सुरू केली आहे : कार्यकारी, वार्षिक, कर्ज, वर्ग, निर्णय, सर्वानुमते, कर्जदार, खर्च, ऱ्हास. अहवालात "कर्ज" हा शब्द पानागणिक दहा वेळा येतो.